नदीकाठी समुदाय भवन बांधायचंय? नकाशाच्या आधी घाटावर बसा

आमचं गाव कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या काठी. महाराष्ट्रातले पाहुणे ज्याला समाजमंदिर म्हणतात, त्याला आम्ही समुदाय भवन म्हणतो, कारण इकडच्या सरकारी कागदावर तेच नाव येतं. घाटालगत असं एक भवन उभं करायला आमच्या समितीला चार वर्षं लागली. त्यातली दोन चुकीच्या नकाशामागं गेली. मी स्त्री शक्ती संघाची, म्हणजे बायकांच्या बचत गटाची, सचिव म्हणून समितीत होते. तुमच्या गावात असा विषय निघाला असेल, तर ती दोन वर्षं तुमची वाचावीत म्हणून हे लिहिते.

पहिला नकाशा असा होता : चाळीस बाय साठचा एक हॉल, त्यात स्टेज, मागं दोन संडास. कागदावर तो छान दिसत होता आणि सभेत कुणीही हरकत घेतली नाही. दुसऱ्या दिवशी घाटावर धुण्याचे पिळे घेऊन वर येणाऱ्या एका मावशींना मी तो कागद दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, “ह्यात आमी ओलं लुगडं बदलायचं कुठं?” आम्ही लग्नाचा हॉल काढला होता आणि नदीवर रोज येणारी माणसं त्यात कुठंच नव्हती.

१. वही घ्या आणि घाटावर बसा

इंजिनिअरला बोलावण्याआधी हे करा. वहीत पाच रकाने पाडा : कोण आलं, किती वाजता, किती वेळ थांबलं, हातात काय होतं, आणि ओलं होतं की कोरडं. शेवटचा रकाना साधा वाटतो, पण आमचा अख्खा नकाशा पुढं त्याच्यावरच ठरला. उन्हाळ्यात एक आठवडा, श्रावण-भाद्रपदात एक आणि दिवाळीनंतर एक, असे निदान तीन आठवडे बसा. एकाच हंगामात बसलात तर अर्धी माणसं दिसणारच नाहीत.

आमच्या वहीत जे निघालं, ते थोडक्यात असं. पहाटे पोहायला येणारी तालमीतली पोरं. सकाळी आठपासून अकरापर्यंत धुणं. त्याच वेळेला, ज्या दिवशी असेल त्या दिवशी, दहाव्याचा विधी. त्याला तीस-चाळीस माणसं, न्हावी, भटजी, पिंडाचं साहित्य. दुपारी भोई समाजाचे लोक जाळी वाळवायला आणि दुरुस्त करायला. संध्याकाळी कट्ट्यावर म्हातारी माणसं, आणि घरात जागा नाही म्हणून पुस्तक घेऊन येणारी कॉलेजची मुलं. एकादशीला भजन. वर्षातून ठरावीक वेळेला मोठी गर्दी : बेंदराला बैल धुवायला, गौरी आणायला येणाऱ्या बायका, गणपती विसर्जन, संक्रांतीची आंघोळ, कार्तिकातले दिवे.

आणि एक गट, जो मला पावसाळ्यात बसल्याशिवाय कळलाच नसता. पाणी चढायला लागलं की शेतकरी रात्रीतनं नदीवरच्या मोटरी आणि पॅनेल बोर्ड काढून वर आणतात. आणून ठेवायचं कुठं? रस्त्याच्या कडेला, ताडपत्रीखाली. ज्या गावाचा सगळा ऊस त्या मोटरींवर आहे, त्या गावाच्या समुदाय भवनात मोटर ठेवायला खोली नसावी, हे मला फार लागलं.

इथली चूक म्हणजे ग्रामसभेत विचारलं की सगळ्यांना विचारलं असं समजणं. धुणं धुणाऱ्या बायका सभेला येत नाहीत. आल्या तरी पुरुषांपुढं कपडे बदलायच्या जागेबद्दल बोलणार नाहीत. जाळीवाल्यांची सभेच्या वेळेला नदीवर पाळी असते. ज्याच्या घरात माणूस गेलंय, तो दहाव्याला घाटावर असतो, पण त्याला त्या दिवशी प्रश्न विचारू नका. महिन्याभरानं घरी जाऊन विचारा. आम्ही तसं विचारलं, आणि एका काकांनी सांगितलं की विधी चालू असताना शेजारी बँड वाजत होता, ते त्यांना अजून विसरता येत नाही.

२. पाण्याची खूण शोधा

महाराष्ट्रात पूररेषा आखलेल्या असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. आपल्याकडं गावात कामाला येते ती भिंतीवरची खूण. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांच्या खुणा शोधा. २०१९ आणि २०२१ ला यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी होतं, त्यामुळं वेदगंगेच्या काठावर त्या दोन्ही वर्षांच्या आठवणी ताज्या आहेत. शाळेची भिंत, देवळाचा खांब, जुन्या घराचा चौकटीचा दगड, सगळीकडं बघा. तीन वेगवेगळ्या घरातल्या माणसांनी तीच उंची सांगितली तर ती धरा.

मग ती खूण तुमच्या जागेवर आणायची. जवळ असेल तर गवंड्याकडची पारदर्शक नळी, म्हणजे आपली पाणसळ, पुरते. लांब असेल तर सर्व्हेअरकडून डंपी लेव्हल लावून घ्या. आमच्या घाटाच्या वरच्या ओट्यापासून २०१९ ची खूण नऊ फुटांवर निघाली. त्यावर आम्ही दोन फूट धरले आणि वापराची जमीन अकरा फुटांवर ठरवली. त्याखाली जे काही असेल ते बुडणार असं मानूनच बांधायचं.

लोक म्हणतील, मुरूम टाकून जागाच उंच करूया. करू नका. नदीच्या पात्रालगत भराव टाकला की पाणी शेजारच्याच्या रानात शिरतं, आणि पुढच्या पुरात भरावाची कडा धुपून तुमचाच पाया उघडा पडतो. खांबांवर बांधा आणि पाण्याला खालून जाऊ द्या.

३. जागा अशी निवडा की दोन मजले दोन रस्त्यांना लागतील

अकरा फूट उंचावर हॉल म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो तो म्हाताऱ्यांचा आणि चाकाच्या खुर्चीवर असणाऱ्यांचा. उताराचा नियम एका फुटाला बारा फूट असा आहे. म्हणजे अकरा फुटांना एकशे बत्तीस फूट उतार, शिवाय मधले सपाट टप्पे. एवढी जागा कुठल्या गावात मिळणार?

आम्हाला वाट सापडली ती जमिनीच्या चढातच. नदीचा काठ गावाकडं चढत जातो. आमच्या जागेत गावचा रस्ता घाटाच्या ओट्यापेक्षा दहा फूट उंच होता. भवन त्या चढाला टेकवून बांधलं की वरचा मजला गावच्या रस्त्याला जवळजवळ सपाट लागतो आणि खालचा मोकळा मजला घाटाला. रस्त्यापासून फक्त एक फूट चढ उरला, म्हणजे बारा फुटांचा उतार. चाकाची खुर्ची, बाळाचा पाळणा, जेवणाची पातेली, सगळं रस्त्यावरून सरळ आत जातं. आधीची जागा घाटाच्या पार खाली होती. ती बदलायला सहा महिने भांडावं लागलं. तुम्हीही लागलं तर भांडा.

चिकोडी-निपाणीकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यावर उथळ पाया घातला की दोन वर्षांत भिंतीला तडे जातात. मातीची तपासणी करून घ्या. तळाशी कांद्यासारखा फुगीर भाग असलेले पाइल अशा मातीत घालतात आणि ते साधारण साडेतीन मीटर तरी खोल नेतात. तुमच्या जागी किती, ते तपासणीवरून इंजिनिअरला ठरवू द्या. खानापूरकडं मलप्रभेच्या काठाला असाल तर गोष्ट वेगळी. तिथं जांभा मिळतो, कौलांची आणि कुंभारकामाची परंपरा आहे, पाऊसही आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. तिथं छपराची वळचण पश्चिमेला चांगली चार फूट बाहेर काढा, नाहीतर पावसाची झड खिडकीतनं सरळ आत येईल.

४. कागद

हे हवेतच :

- जागेचा आरटीसी उतारा (आपण पहाणी म्हणतो तो) आणि मोजणीचा नकाशा
- गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीचा ई-स्वत्तूचा (मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीचा) नमुना ९ आणि ११
- शेतजमीन असेल तर बिगरशेती परवानगी. ती कर्नाटक भूमी महसूल कायदा १९६४ च्या कलम ९५ खाली मिळते
- ग्रामसभेच्या ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल
- नदीलगत असल्यानं पाटबंधारे खात्याचा ना-हरकत दाखला
- देवस्थानची जागा असेल तर मुजराई खात्याची परवानगी. गायरान असेल तर तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडं प्रस्ताव
- इंजिनिअरच्या सहीचा नकाशा आणि अंदाजपत्रक
- विजेच्या जोडणीसाठी हेस्कॉमचा (इकडच्या वीज कंपनीचा) अर्ज

अर्ज कन्नडमध्ये लिहा. आमचे सुरुवातीचे दोन अर्ज मराठीत होते आणि ते एका कचेरीत नुसते पडून राहिले. वाईट वाटलं, पण भवन व्हायचं होतं. शेजारच्या गल्लीतल्या कन्नड शाळेच्या एका सरांनी पुढचे सगळे अर्ज लिहून दिले, आणि पुढं तेच समितीत आले. प्रत्येक अर्जाच्या नकलेवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. कोणत्या खात्याला कोणता कागद लागेल ते तालुक्यागणिक थोडं बदलतं, म्हणून आधी पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) समोर बसून यादी करून घ्या.

सगळ्यात मोठा धोका तोंडी दिलेल्या जागेचा. “आमच्या आजोबांनी गावाला दिली होती” असं सगळे म्हणतात, पण उताऱ्यावर नातवाचं नाव असतं. बक्षीसपत्र नोंदवून घेतल्याशिवाय एक वीटही ठेवू नका. आमदार-खासदार निधी मागायला गेलात तरी पहिला प्रश्न जागेच्या मालकीचाच येतो.

५. ओलं आणि कोरडं वेगळं करा

आता वही उघडा. पाचव्या रकान्यातले सगळे ‘ओले’ खाली, सगळे ‘कोरडे’ वर. आमचा नकाशा या एका ओळीवर बसला.

खालचा मोकळा मजला, घाटाच्या पातळीला. भिंती जवळजवळ नाहीत. ज्या आहेत त्या पाण्याच्या वाहण्याच्या दिशेनं, आडव्या नाहीत; आडवी भिंत पुराचा सगळा जोर अंगावर घेते. इथं बायकांसाठी कपडे बदलायच्या तीन खोल्या, दार घाटाच्या उलट बाजूला आणि आत खुंटी, कट्टा, उजेडाला वर झरोका. खुंटी चार फुटांवर असावी, साडेपाचवर नको. हे मला एका बारक्या अंगाच्या आजींनी सांगितलं. पुरुषांसाठी वेगळी, दुसऱ्या टोकाला. जाळी वाळवायला लोखंडी आडव्या दांड्या, वारा ज्या बाजूनं गावाकडं येतो त्याच्या विरुद्ध अंगाला. वासाची तक्रार येणार हे धरूनच जागा द्या, म्हणजे नंतर त्या लोकांना कुणी हाकलणार नाही.

दहाव्याच्या विधीला वेगळा ओटा दिला. भवनाच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी धुण्याच्या दगडांवरून आधी जातं आणि मग या ओट्याकडं. मधे झाडांची एक ओळ. त्या ओट्याला घाटावरून स्वतःची वाट आहे. ज्यांच्या घरी दुःख आहे त्यांना लग्नाच्या मांडवातून जावं लागू नये, एवढ्यासाठी आम्ही नकाशा तीनदा बदलला. मला त्या बदलाचा आजही सगळ्यात जास्त अभिमान आहे.

वरच्या मजल्यावर हॉल, पण चाळीस बाय साठचा नाही. मधे सरकता पडदा असलेले दोन भाग. एका टोकाला हॉल, मधे स्वयंपाकघर आणि सामानाची खोली, दुसऱ्या टोकाला अभ्यासिका. आवाज मधल्या दोन खोल्यांत बराच अडतो. रस्त्याच्या बाजूला मोटरींची खोली : रुंद शटर, फरशीऐवजी जाड काँक्रीट, छताला साखळीचा हुक. भजनी मंडळाची पेटी, पखवाज, टाळ यांना अभ्यासिकेशेजारी कपाट.

संडासांची दारं बाहेरून. हॉलला कुलूप असलं तरी संडास उघडे राहिले पाहिजेत, नाहीतर घाटावरच्या बाईला काहीच उपयोग नाही. एक संडास चाकाच्या खुर्चीसाठी : आत खुर्ची वळायला पाच फुटांचा गोल, तीन फुटांचं दार, भिंतीला दांडी. सेप्टिक टाकी नदीपासून लांब, गावाच्या अंगाला. झाकण पक्कं बंद आणि हवेचा पाइप पुराच्या खुणेच्या वर.

मीटर, मेन स्विच, सगळे बोर्ड वरच्या मजल्यावर. खालच्या दिव्यांची लाइन वेगळी ठेवा, पाणी चढलं की तेवढीच बंद करता येईल.

घाटाच्या पायऱ्यांना गुळगुळीत शहाबादी फरशी घालायला कुणी सुचवलं तर ठामपणे नाही म्हणा. शेवाळ धरलं की त्यावर पाय ठरत नाही. टाकी मारलेला खरबरीत काळा दगड घ्या, पायरी सहा इंच उंच, एक फुटापेक्षा जास्त रुंद, आणि मधोमध पाइपचा कठडा.

६. फक्कीनं नकाशा जमिनीवर काढा

कागदावरचा नकाशा फार थोड्यांना कळतो. त्यासाठी लागतं काय? पन्नास मीटरचा टेप, खुंट्या, सुतळी, चुन्याची फक्की आणि एक रविवार. खऱ्या मापानं सगळ्या खोल्या जमिनीवर आखा आणि लोकांना चालायला लावा. बायकांनी बादली घेऊन चालून बघावं. दोघांनी एक मोटर उचलून रस्त्यावरून खोलीत आणावी. कुणाच्या घरी चाकाची खुर्ची असेल तर तीही आणा. रुग्णवाहिका कुठं वळेल ते एखादा टेम्पो फिरवून बघा.

आमच्याकडं त्या रविवारी दोन गोष्टी कळल्या. स्वयंपाकघराचं दार आणि अभ्यासिकेचं दार समोरासमोर येत होतं. आणि कपडे बदलायच्या खोलीकडं जाणारी वाट पुरुषांच्या कट्ट्यासमोरून जात होती. कागदावर चौदा जणांनी तपासूनही हे कुणाला दिसलं नव्हतं. फक्कीवर एका शाळकरी मुलीनं पाचव्या मिनिटाला दाखवलं.

७. किल्ली आणि वेळापत्रक बांधकाम चालू असतानाच ठरवा

मी आजूबाजूची बरीच समुदाय भवनं पाहिली. मोडलेली कमी, कुलूपबंद जास्त. किल्ली ज्याच्या घरी, भवन त्याचं. आम्ही तीन किल्ल्या केल्या : एक पंचायतीत, एक स्त्री शक्ती संघाकडं, एक घाटाजवळ राहणाऱ्या भोई कुटुंबाकडं. खालच्या मजल्याला कुलूपच नाही.

समितीत प्रत्येक गटाचा एक माणूस घ्या, आणि धुणं धुणाऱ्या बायकांची एक प्रतिनिधी ठरावात नाव घालूनच घ्या. वेळापत्रकाचा फलक मोठा, कन्नड आणि मराठी दोन्हीत. आमचा सगळ्यात महत्त्वाचा नियम : सकाळी अकरापर्यंत लाउडस्पीकर नाही, लग्न असलं तरी. आणि परीक्षांच्या दिवसांत रात्री हॉल भाड्यानं नाही. भाडं लग्नाला घ्या, भजनाला, बचत गटाला आणि दहाव्याला घेऊ नका. लग्नाच्या भाड्यातून वीजबिल निघतं.

८. याला पूर निवारा केंद्र म्हणायची घाई करू नका

भवन पूर खुणेच्या वर आहे म्हणजे पुरात तिथं राहता येईल असं नाही. तिथं जाणारा रस्ता कधी बुडतो ते बघा. आमच्या भवनासमोरचा रस्ता कोरडा राहतो, पण गावातून येताना मधे ओढा आहे आणि तो सगळ्यात आधी भरतो. आपल्या भागात कारदगा-भोज, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी असे खालच्या पातळीचे पूल पाण्याखाली गेले की गावं तुटतात, हे दर पावसाळ्यात बघतो. वेढा पडणाऱ्या जागेत म्हातारी माणसं आणि जनावरं नेऊन ठेवणं धोक्याचं आहे. म्हणून आमचं काळजी केंद्र, म्हणजे पूरग्रस्तांना ठेवायचं सरकारी केंद्र, गावच्या वरच्या शाळेतच राहिलं. भवनात फक्त मोटरी आणि सामान जातं.

पाणी येणार हे आधी कळतं. वेदगंगेला पाटगाव, दूधगंगेला काळम्मावाडी, कृष्णेला कोयना. वरच्या धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की खालच्या मजल्यावरचं सगळं हलवायचं. कुणी काय उचलायचं, त्याची नावानिशी यादी मोटरींच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवा. जुन्या वाचनालयाची तीनशे पुस्तकं आमच्याकडं २०१९ ला अशीच गेली. किल्ली असलेला माणूस परगावी होता, आणि दार फोडायचं कुणाच्या मनात आलं नाही.

९. पाणी ओसरल्यावर

गाळ ओला असतानाच धुवा. एक दिवस उन्हात वाळला की तो खरवडून काढावा लागतो. मोटर वर सुरक्षित ठेवलेली असते, तीच जोडा आणि नदीच्या पाण्यानं आधी छताकडून खाली, मग फरशी. खोल्यांची दारं उघडी ठेवा. खालची वीज वायरमननं तपासल्याशिवाय चालू करू नका. सेप्टिक टाकीचं झाकण आणि पायऱ्यांचे सांधे बघा, खांबांच्या बुडाशी माती खणली गेली असेल तर पाऊस संपायच्या आत दगड भरून घ्या.

आणि त्याच दिवशी, पाण्याची ओली रेघ दिसते आहे तोवर, घाटाकडच्या पहिल्या खांबावर ऑइल पेंटनं रेघ मारा आणि वर्ष लिहा.